आमची तिसरी भाषा

घरात शिकती मुले असली म्हणजे वर्षातून एकदा तरी तिसऱ्या भाषेचा प्रश्न जेवणाच्या पंक्तीस येऊन बसतो. पहिली भाषा आईच्या मांडीवर मिळालेली असते. दुसरी पोटापाण्याच्या गरजेने गळ्यात पडलेली असते. या दोहोंविषयी कोणी कोणाचे मत विचारीत नाही. मत विचारले जाते ते तिसरीविषयी, आणि म्हणूनच वादही तिच्याविषयी अधिक होतात. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्रिभाषा सूत्र स्वीकारले; २०२० च्या धोरणाने ते निराळ्या स्वरूपात कायम ठेवले; आणि २०२५ साली आपल्या राज्यात हिंदी ही तिसरी भाषा इयत्ता पहिलीपासून असावी की नसावी यावर एवढे रण माजले की एप्रिल व जून महिन्यांत काढलेले दोन्ही निर्णय शासनास त्याच जूनच्या अखेरीस मागे घ्यावे लागले.

आमच्या अमरावतीच्या घरातही हा प्रश्न वेळोवेळी आला व सुटला. धाकट्या बंधूंच्या नातवाने जर्मन घेतली, कारण पुढे तिकडे शिकावयास जावयाचे त्याच्या मनात आहे. आमच्या नातीने संस्कृत घेतले. कालिदासाच्या ओढीने नव्हे, तर त्या विषयात शंभरापैकी शंभर गुण पडतात म्हणून. हा सगळा विचार व्यवहाराचा आहे, आणि त्यास नावे ठेवण्याजोगे त्यात काही नाही. परंतु वयाची साठी उलटलेली, परीक्षा नाही, नोकरीची आशा नाही, परदेशगमनाचा योग नाही, अशा माणसास एखादी भाषा शिकावीशी वाटली तर ती का वाटावी, याचे उत्तर शाळेच्या वेळापत्रकात सापडत नाही. आम्ही आमच्या एकसष्टाव्या वर्षी कोरकू शिकावयास बसलो. मराठी व इंग्रजी या आमच्या दोन भाषा. हिंदी आम्हा वऱ्हाडकरांस बाजारात आपोआप येते, संस्कृत पूजेत व सुभाषितांत भेटते. पण वही घालून, गुरू करून, चुका मोजून शिकलेली अशी तिसरी भाषा आमच्या वाट्यास हीच आली.

ही बातमी घरात फुटली तेव्हा आमच्या थोरल्या वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, पेन्शन घेतल्यावर लोक काशीस जातात, तुम्ही धारणीस निघालात!" बंधूंनी विचारले, "त्या भाषेत वाचावयाचे काय आहे?" आणि नातीने अगदी सरळ प्रश्न केला, "पण का?" वहिनींचे बोलणे थट्टेचे होते, परंतु नातीचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर आम्ही तिला तुकड्यातुकड्याने दिले. येथे ते एका जागी मांडीत आहो, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत आज ना उद्या निराळ्या रूपाने येणार आहे.

प्रथम भाषेची ओळख करून दिली पाहिजे. अमरावतीहून उत्तरेस परतवाड्याच्या वाटेने निघाले म्हणजे समोर सातपुड्याची निळी रांग उभी राहते. गाविलगडाचा किल्ला, चिखलदऱ्याची थंड हवा आणि १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प यांमुळे मेळघाट हे नाव सर्वांस ठाऊक आहे. धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांत जे लोक प्रामुख्याने राहतात ते कोरकू. 'कोरो' म्हणजे माणूस. अनेकवचनी 'कोरकू', म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे, आणि पूर्वेकडील गोंडीची बहीणही नव्हे. गोंडी द्राविडी कुळातील. कोरकू मुंडा कुळातील. झारखंड, ओडिशा, बंगाल या भागांत बोलल्या जाणाऱ्या संताळी, मुंडारी, हो या तिच्या सख्ख्या बहिणी, आणि मेघालयातील खासी व कंबोडियातील ख्मेर ह्या दूरच्या नात्यातल्या. मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेस राहिलेली भाषा ती हीच. २०२२ मध्ये राष्ट्रपतिपदावर निवडून आलेल्या द्रौपदी मुर्मू यांच्या संताळी मातृभाषेत सहास 'तुरुई' व दहास 'गेल' म्हणतात. आणि मेळघाटातील म्हातारी बाजारात आवळे मोजताना सहास 'तुरुई' व दहास 'गेल'च म्हणते. ही गोष्ट आम्हांस कळली त्या दिवशी आम्ही ती घरातील प्रत्येक माणसास दोनदोनदा सांगितली!

२०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे ७,२७,१३३ लोक नोंदले गेले. ते मुख्यत्वे मध्य प्रदेशात व आपल्या महाराष्ट्रात आहेत. एवढी माणसे आपल्या उंबरठ्याशी बोलत असता त्या भाषेचा एक शब्दही आपल्या कानी नसावा, याला काखेत कळसा आणि गावाला वळसा याहून दुसरे काय म्हणावे? वस्तुतः एक शब्द अमरावतीकरांच्या तोंडी रोज असतो. सिपना नदीचे नाव, आणि तिच्यावरून आमच्या शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयास मिळालेले नाव, आपण सहज घेतो. सिपना म्हणजे कोरकूत साग. सागाच्या रानातून वाहणारी ती सिपना. नाव देणारांनी डोळ्यांपुढे जे दिसले तेच सांगितले.

आता कारणांकडे येऊ. पहिले कारण अगदी लहानपणचे. आमचे बालपण अकोल्यास गेले आणि आजोळ खांडव्यास. त्या काळी अकोल्याहून खांडव्यास मीटरगेजची गाडी जात असे. अकोट सोडले, वाण रोड मागे पडले, की सपाट कापसाचा मुलूख संपून गाडी डोंगरात शिरे. धुळघाटापाशी रूळ स्वतःभोवती वळसा घालून आपल्याच खालच्या रुळांवरून जात असत, ते पाहण्यासाठी आम्ही भावंडे खिडकीस चिकटून बसत असू. त्या लहान लहान ठेसनांवर लाकडाच्या मोळ्या, मोहाची फुले, बांबूच्या टोपल्या घेऊन माणसे चढत व आपसांत बोलत. ते बोलणे आम्हांस अगदी न कळणारे होते. गुजराथी, मारवाडी, तेलुगू यांतील एखादा तरी शब्द ओळखीचा लागतो. येथे एकही लागत नसे. आईस विचारले तर ती म्हणे, "त्यांची भाषा आहे बाळ ती." इतकेच. ती गाडी आता बंद झाली आहे. परंतु घरापासून चार-पाच तासांच्या वाटेवर एक संपूर्ण न कळणारी भाषा आहे, ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात तशीच पडून राहिली. नुसत्या कुतूहलाने मनुष्य भाषा शिकत नाही हे खरे. परंतु बी कोठे तरी पडलेले असावे लागते.

पुढे वैद्यकीच्या व्यवसायात चाळीस वर्षे कशी गेली ते कळले नाही. निवृत्तीच्या सुमारास आम्ही तिसरी भाषा शिकण्याचा विचार बोलून दाखविला तेव्हा थोरल्या बंधूंनी उर्दूची शिफारस केली, आणि ती शिफारस वजनदार होती. आमचे वऱ्हाड म्हणजे इमादशाहीचा मुलूख. अचलपूर ही तिची राजधानी. पुढे निजामाचा अंमल. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला तरी वऱ्हाडवरील निजामाचे नाव बरेच दिवस टिकले. खेरीज, तिसऱ्या भाषेच्या अभ्यासाने पहिली भाषा कशी श्रीमंत होते याचे उदाहरण आमच्याच गावचे. कविवर्य सुरेश भट १९३२ साली अमरावतीस जन्मले. उर्दू गझलेचा व्यासंग करून त्यांनी ती मराठीत अशी रुजविली की आज ती परकी वाटतच नाही. साने गुरुजींनी तुरुंगात तमिळ जाणून घेऊन तिरुक्कुरळ मराठीत आणले. हे सगळे बंधूंनी सांगितले व आम्ही मान डोलावली. उर्दू गोड आहे, समृद्ध आहे, तिच्यात वाचावयास जन्म पुरणार नाही. परंतु उर्दू शिकण्यास आम्हांस कोणाचे मुख डोळ्यांपुढे येत नव्हते. कोरकू म्हटले की एक मुख येत असे.

ते मुख कोणाचे ते सांगतो. आम्ही लहान मुलांचे डॉक्टर. शहरातील एका रुग्णालयात आमची नेमणूक असताना श्रावणातल्या एका दुपारी मेळघाटातून चार महिन्यांचे मूल घेऊन एक बाई आली. मुलाची छाती भात्यासारखी उडत होती, ओठ काळवंडले होते, आणि पोटावर डागांच्या बारीक ओळी होत्या. पोट फुगले म्हणजे तापल्या विळ्याने पोटावर डाग देण्याची जी चाल त्या भागात आहे, आणि जिला तेथे 'डंबा' म्हणतात, तिच्या त्या खुणा. बाईबरोबर आलेल्या माणसाने हिंदीतून एवढेच सांगितले की मूल तीन दिवसांपासून आजारी आहे. बाईस काही विचारले की ती जमिनीकडे पाही. तो मनुष्य तिच्यावर आवाज चढवी, आणि ती अधिकच मिटे. "ही माणसे बोलतच नाहीत," असे शेजारी उभे असलेले कोणीसे म्हणाले.

वॉर्डात एक वयस्क आया होती, मूळची चिखलदऱ्याकडची. ती पुढे येऊन म्हणाली, "साहेब, त्या माणसाले जरा बाहेर थांबू द्या. तिले मी पुसतो." मग ती खाली फरशीवर त्या बाईच्या जवळ बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कोरकूत दोन शब्द बोलली. आणि जी बाई बोलतच नाही असे म्हणत होते ती बोलू लागली. पाच मिनिटे, दहा मिनिटे, न थांबता ती बोलत होती. आयेने एकेक गोष्ट आम्हांस सांगितली. मूल तीन दिवसांचे आजारी नव्हते, नऊ दिवसांचे होते. आधी सर्दी झाली, मग श्वास चढला, मग ते अंगावर पिईनासे झाले. पोट फुगले ते त्यानंतर, आणि डंबा दिला तो सहाव्या दिवशी. मध्यंतरी ती स्वतः मुलास पाठीशी बांधून दोन गावे ओलांडून उपकेंद्रात गेली होती, तेथे औषध मिळाले होते, ते तिने सांगितल्याप्रमाणे दिलेही होते. एवढे सांगून तिने पदराची गाठ सोडली आणि त्या औषधाची रिकामी पट्टी आमच्या हाती ठेवली.

वैद्यकीचा ज्यांस परिचय आहे त्यांस त्या पट्टीची किंमत सांगावयास नको. कोणते औषध देऊन झाले व ते लागू पडले नाही हे कळल्यामुळे दुसरे कोणते द्यावयाचे ते त्याच घटकेस ठरले. रोगाचा उगम छातीत आहे, पोटात नाही, हेही तिच्या सांगण्याच्या क्रमावरून स्पष्ट झाले. बाराव्या दिवशी मूल हसत घरी गेले. औषध आमचे होते, यंत्रे रुग्णालयाची होती. परंतु त्या मुलास वाचविण्यात त्या आयेच्या भाषेचा वाटा आमच्या विद्येहून लहान नव्हता. त्या बाईचे मुख आम्ही विसरलो नाही. जी स्त्री नऊ दिवसांचा हिशेब दिवसवार सांगू शकते आणि औषधाची पट्टी पदरात जपून आणते, तिला जग मुकी व अडाणी समजते, ते केवळ तिची भाषा ऐकणारास येत नाही म्हणून.

आया पुढे निवृत्त झाली. कामाच्या धबडग्यात भाषा शिकावयास सवड मिळाली नाही. ती मिळाली तेव्हा आम्ही गुरूचा शोध केला. परतवाड्यास राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, स्वतः कोरकू, आम्हांस शिकवावयास कबूल झाले. ते आमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आम्ही त्यांस 'गुरुजी' म्हणतो आणि ते आम्हांस 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. पहिल्या गुरुपौर्णिमेस आम्ही शाल व श्रीफळ घेऊन गेलो तेव्हा ते फार संकोचले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या भाषेसाठी आजवर कोणी नारळ आणला नाही." त्यांच्या वृद्ध मातोश्री ओसरीवर बसून आमचे उच्चार ऐकत व तोंडाला पदर लावून हसत. हसण्यासारखेच ते होते.

अभ्यासास आरंभ केल्यावर मात्र भाषेनेच आम्हांस धरून ठेवले. पुस्तके थोडी, पण आहेत. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने १९०३ साली या भाषेचे व्याकरण छापले. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात तिला स्थान मिळाले. आणि आपल्या काळात के. एस. नागराज या भाषाशास्त्रज्ञांचे व्याकरण व शब्दसंग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिण्यास देवनागरी चालते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी बालपणी 'रामः रामौ रामाः' घोकले आहे त्यांस एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृतातील द्विवचन प्राकृतांनी टाकून दिले, त्यामुळे ते मराठीत आलेच नाही. शाळेत ते मुलांस निष्कारण छळ वाटते. कोरकूत ते जिवंत आहे. एक माणूस 'कोरो', दोन माणसे 'कोरोकिङ्', आणि दोहोंहून अधिक असली तर 'कोरकू'. मेळघाटातील तीन वर्षांचे पोर, ज्याने पाणिनीचे नावही ऐकलेले नाही, ते दोन बैलांस द्विवचन लावते व तीन बैलांस अनेकवचन, आणि कधी चुकत नाही. नामांत स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा घोळ नाही. भेद आहे तो सजीव व निर्जीव यांचा.

याहून मौज सर्वनामांत आहे. इंग्रजीत 'आपण सारे' आणि 'तुम्हांस वगळून आम्ही' यांस एकच शब्द. मराठीने 'आम्ही' व 'आपण' हा भेद राखला आहे, आणि तो द्राविडी भाषांच्या सहवासाचा गुण असे विद्वान मानतात. कोरकूत हा भेदही आहे आणि वर द्विवचनही आहे. म्हणून तेथे 'आम्ही'चे चार शब्द होतात. मी आणि दुसरा कोणी, पण तू नव्हे: 'आलिङ्'. मी आणि तू, दोघेच: 'आलाङ्'. आम्ही पुष्कळ, पण तुम्ही त्यांत नाही: 'आले'. तुम्हांसह आपण सारे: 'आबुङ्'. तोंड उघडण्यापूर्वीच बोलणारास ठरवावे लागते की ऐकणारा आपल्यात आहे की नाही. या लेखात आम्ही आरंभापासून जो 'आम्ही' लिहीत आहो तो एकट्याचाच आहे, ही लबाडी कोरकूत चालणार नाही!

गुरुजींजवळून भाषेबरोबर दुसरेही काही शिकावयास मिळाले. ते सहा वर्षांचे असताना एका शाळेत बसविले गेले. घरी त्यांस कोरकूखेरीज काही ठाऊक नव्हते. पाण्यास कोरकूत 'डा' म्हणतात. दुपारी तहान लागली तेव्हा ते 'डा' म्हणाले. मास्तरांस ते कळले नाही. मास्तर 'पाणी' म्हणाले. ते यांस कळले नाही. शेजारी भरलेला माठ होता. पण विचारल्याखेरीज उठावयाचे नाही अशी शिस्त. सायंकाळी घरी जाईपर्यंत तो मुलगा तहानलेला बसून राहिला. "तेव्हापासून मराठी शिकण्याचा निश्चय केला," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि पुढे मी स्वतः मास्तर झालो तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात जाऊन पहिला शब्द 'डा' बोललो."

हे ऐकल्यावर तिसऱ्या भाषेकडे पाहण्याची आमची दृष्टी अधिक रुंद झाली. आपल्या घरांत तिसरी भाषा म्हणजे आवडीनिवडीचा विषय: जर्मन घ्यावी की संस्कृत. कोरकू मुलास घरी कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि त्याच शाळेत पहिलीपासून इंग्रजी. त्याच्या त्रिभाषा सूत्रावर कोणी चर्चा केली नाही, त्याचे मत विचारले नाही. सूत्र त्याच्यावर येऊन पडले व त्याने ते निमूटपणे पेलले. या शेकडो वर्षांच्या शेजारात भाषा शिकण्याचे सारे श्रम एकाच बाजूने केले. डोंगरावरची माणसे मैदानात आली ती आमची भाषा शिकून आली. मैदानातली माणसे डोंगरावर गेली ती आपलीच भाषा घेऊन गेली. आमच्या शिकण्याने हा हिशेब फिटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु देणे मोठे असले म्हणून पहिला हप्ता देऊच नये असे थोडेच आहे?

बंधूंचे दोन आक्षेप अजून उरले आहेत. पहिला असा की, हल्ली बहुतेक कोरकू लोकांस हिंदी येते, मग ही खटपट कशाला? यास आमचे उत्तर अनुभवाचे आहे. बाजार हिंदीत होतो, कचेरी मराठीत होते. दुखणे मात्र मातृभाषेतच सांगितले जाते. दात दुखत असता किंवा मूल तापाने फणफणले असता आपण स्वतः कोणत्या भाषेत कळवळतो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. मध्ये बसलेला दुभाषा कितीही भला असला तरी दहा वाक्यांचे एक करतो, आणि गळलेल्या नऊ वाक्यांतच कित्येकदा निदान असते. निवृत्तीनंतर आम्ही महिन्यातून एकदा गुरुजींच्या सोबतीने त्या बाजूस जातो. आमचे कोरकू मोडकेतोडके आहे. परंतु मूल पाणी घेते का, खाते का, केव्हापासून, एवढे आम्ही आईस तिच्या भाषेत विचारू शकतो आणि तिचे उत्तर सोसवेल तितक्या वेगाने ऐकू शकतो. पहिल्या प्रश्नासरशी तिच्या मुद्रेवर जो फरक पडतो, तो पाहिल्यावर खटपटीचा प्रश्न उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही भाषा हळूहळू जाणारच; जाणाऱ्या भाषेत आयुष्याची उरलेली वर्षे का घालवावी? भय खोटे नाही. व्याघ्रप्रकल्पातील काही गावे उठवून खाली अकोला जिल्ह्यात, अकोट व तेल्हारा तालुक्यांत वसविली गेली. ज्या मुलुखातून आमची लहानपणची गाडी निघत असे त्याच मुलुखात आता कोरकू मुले वाढत आहेत, आणि चहूकडून वऱ्हाडी मराठीच त्यांच्या कानी पडते. याहून लहान उदाहरण आमच्याच वऱ्हाडात आहे: बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूस निहाली नावाची भाषा सुमारे दोन-अडीच हजार लोक बोलतात, आणि तिचे नाते जगातील कोणत्याही कुळाशी विद्वानांस निश्चित जोडता आलेले नाही. अशा भाषा आम्ही वाचवू असा अभिमान आम्हांस नाही. भाषा वाचते ती घरात आई मुलाशी तीत बोलते तोवर. पण मुलास आपली भाषा देताना आईस संकोच वाटावा की न वाटावा, हे काही अंशी शेजाऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून असते. डॉक्टर, मास्तर, तलाठी यांपैकी एखादा जरी ती भाषा मान देऊन बोलला, तरी त्या घरातील मुलास आपली भाषा लपवावीशी वाटत नाही. एवढे आमच्या हातचे आहे.

या आठ-नऊ वर्षांत पदरात काय पडले असे कोणी विचारील तर आम्ही एकच प्रसंग सांगू. चिखलदरा तालुक्यातील एका पाड्यावर गुरुजींची एक वृद्ध मावशी राहते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही तिच्या अंगणात बसलो होतो. ती जुन्या गोष्टी सांगत होती: जंगलात बांबू तोडावयास जात असत ते, पाऊस लागला म्हणजे वाटा बंद होत ते, दुष्काळात कंदमुळे खाल्ली ते. आम्ही कान देऊन ऐकत होतो, आणि प्रत्येक वाक्यात ती 'आले', 'आले' म्हणत होती, म्हणजे आम्ही, तुम्ही नव्हे. ते योग्यच होते. त्या कष्टांत आमचा वाटा नव्हता. ऊन वर आले, आम्ही निघावयास उठलो. तेव्हा चुलीकडे बोट करून ती काही बोलली. वाक्य आम्हांस सगळे कळले नाही. पण 'जोम' म्हणजे जेवणे हे कळले, आणि त्यापूर्वीचा शब्द कळला. तो 'आले' नव्हता, 'आबुङ्' होता. आपण सारे जेवू. मराठीत ती आम्हांस "जेवून जा" म्हणाली असती तर तो पाहुणचार झाला असता. त्या एका सर्वनामाने तिने आम्हांस पंक्तीत घेतले. मक्याची भाकर व मिरचीचा ठेचा आम्ही जेवलो.

हा प्रसंग घरी सांगितला तेव्हा बंधू काही बोलले नाहीत. पण गेल्या वर्षापासून ते आमच्या वहीतील शब्दांस संस्कृत प्रतिशब्द लिहून देतात. दिवाळीनंतर मेळघाटातली माणसे कामास शहरात उतरतात, त्यांतील काही आमच्या शेजारच्या बांधकामावर असतात. थोरल्या वहिनी त्यांस पाण्याची कळशी नेऊन देतात आणि "डा?" असे विचारतात. उच्चार बरोबर नसतो. कामकरी बाया हसतात, दुरुस्त करून देतात, आणि मग पुष्कळ वेळ दोन्ही बाजूंनी गप्पा चालतात. नातीस दहापर्यंत अंक येतात. जर्मनचा व संस्कृतचा अभ्यास त्यामुळे कोठे अडला नाही.

शेवटी वाचकांस एवढीच विनंती की, घरात तिसऱ्या भाषेचा विचार निघेल तेव्हा दूरच्या भाषांबरोबर एकदा जवळच्या भाषांकडेही पाहावे. सोलापूरकरांच्या शेजारी तेलुगू व कन्नड आहे, चंद्रपूर-गडचिरोलीस गोंडी व माडिया आहे, नंदुरबारास भिली आहे. गुणपत्रिकेत तिचे नाव कदाचित येणार नाही. आपल्या दाराशी पाणी मागावयास येणारा मनुष्य ते कोणत्या शब्दाने मागतो, एवढे विचारण्यापासून आरंभ करावा. पुढचे शब्द तो मनुष्यच देतो.